प्यायची म्हणे

माझ्या भाच्यानं गेल्या उन्हाळ्यात आपली सायकल एका मुलाला देऊन टाकली आणि बदल्यात पोकेमॉनची सात कार्डं घेतली. सायकल वाढदिवसाची, तीन आठवड्यांची. घरी आल्यावर आईनं विचारलं, सायकल कुठाय? तर म्हणाला, स्कूटरवरून एक माणूस आला, निळा शर्ट होता, मिशा होत्या, त्यानं ओढून नेली. भावोजी अनवाणी खाली धावले. वॉचमनची उलटतपासणी झाली, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निळ्या शर्टाचं वर्णन गेलं, दोन काकांनी सीसीटीव्ही बघायची तयारी दाखवली. तासाभरानं कार्डं उशीखाली सापडली.

ताई त्याला घेऊन त्या मुलाकडं गेली. त्याची आई दारातच उभी राहिली. ‘‘अहो, तुमच्याच मुलानं दिली. आमचा मागायला नव्हता आला.’’ हे खरंच होतं. सायकल परत मिळाली, घरी तासभर समजावणं झालं, तो रडला, ‘परत नाही करणार’ म्हणाला आणि अगदी मनापासून म्हणाला. चौथ्या दिवशी घड्याळ गेलं. त्याच मुलाला. या वेळी तीन कार्डं.

रात्री ताईचा फोन आला. सायकलीचं आणि घड्याळाचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. ‘‘तो सांगत होता ना, निळा शर्ट, मिशा,’’ ती म्हणाली, ‘‘तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. त्याला तो माणूस दिसत होता गं.’’

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. ताई-भावोजींनी तो चौदा महिन्यांचा असताना दत्तक घेतला. या लेखात त्याचं नाव नाही, शाळेचं नाही, संस्थेचं नाही. ताईची तशी अट होती आणि ती मला मान्य आहे. मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, ‘‘मावशी, नाव नको टाकू. फोटो टाक.’’

ताईच्या कपाटात दत्तकाची फाइल आहे. दत्तकासाठी नोंदणी केलेल्यांना आपला क्रमांक लागला की केंद्राच्या ‘कारा’ या यंत्रणेच्या पोर्टलवर एका मुलाचा फोटो, त्याचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल दिसतो. ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायचं की नाही हे ठरवायला ४८ तास मिळतात. त्या ४८ तासांत ताईनं तो अहवाल इतक्या वेळा वाचला की वजनाचे आकडे तिला अजून पाठ आहेत. उंची होती, डोक्याचा घेर होता, एचआयव्ही, कावीळ, लसी, सगळं होतं. जन्मदात्री आईच्या रकान्यात वय होतं. त्याखाली प्रकृती, व्यसनं, गरोदरपणातली औषधं या सगळ्यांपुढं एकच उत्तर होतं: माहिती उपलब्ध नाही.

मूल कुणी रस्त्यात सोडून गेलेलं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. आई स्वतः संस्थेत आली होती. बाल न्याय कायद्यानुसार मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला ६० दिवस असतात. ते ६० दिवस ती कुठंतरी होती, हाक मारली तर ऐकू येईल अशा अंतरावर. माहिती तिच्याकडं होती. ती कुणी विचारली की नाही, विचारली असेल तर कुणी लिहून घेतली, हे त्या फाइलवरून कळत नाही.

पहिली सहा वर्षं तो ‘वांड’ होता. हा शब्द आपल्याकडं कौतुकानं वापरतात, विशेषतः मुलांच्या बाबतीत. मग शाळेतून डायरीत शेरे यायला लागले. सातव्या वर्षी एका डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, गोळी सुरू झाली, तिनं थोडा फरक पडला आणि जेवण पार कमी झालं. पण ताईला काहीतरी जुळत नव्हतं. चंचल मुलं तिनं पाहिली होती. आमचा मामेभाऊ तसाच होता. पण तो एकदा भाजला की दुसऱ्यांदा तव्याला हात लावत नसे. हा लावायचा. काल पाठ असलेला सातचा पाढा आज कोरा आणि परवा पुन्हा पाठ. दहा मिनिटांपूर्वी ज्या गोष्टीवरून बोलणी खाल्ली तीच गोष्ट तितक्याच उत्साहानं पुन्हा.

नवव्या वर्षी दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी तासभर त्याला खेळू दिलं. मग टेबलाच्या खणातून छोटी पारदर्शक पट्टी काढून त्याच्या डोळ्याची आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी मोजली. नाकाखाली, वरच्या ओठावर जी उभी पन्हळ असते, ती वाकून बघितली. आणि मग पट्टी परत खणात ठेवता ठेवता विचारलं, ‘‘जन्म देणाऱ्या आईच्या दारूबद्दल काही माहिती?’’

ताई सांगते, ती आणि भावोजी एकमेकांकडं बघत राहिले. हा प्रश्न नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही.

घरी येऊन तिनं संस्थेला फोन लावला. जुनं कुणी उरलं नव्हतं, पण निवृत्त झालेल्या एका समाजसेविकेचा नंबर मिळाला. त्या बाईंना मूल आठवलं. आईही जराशी आठवली. आणि फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, ‘‘प्यायची म्हणे.’’

डॉक्टरांनी फाइलमध्ये नोंद केली: गर्भावस्थेत मद्यसंपर्काची शक्यता. पुढं प्रश्नचिन्ह.

‘म्हणे’ हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. सांगायचं ते सांगून होतं आणि अंगाला काही लागत नाही. गावोगावच्या ओट्यांवर आणि आता फॅमिली ग्रुपांवर निम्मी बातमी याच शब्दावर चालते. पण माझ्या भाच्याच्या बाबतीत या दोन अक्षरांना वैद्यकीय वजन आलं, आणि ते कसं हे समजून घ्यायला मी वर्षभर वाचत आणि लोकांना भेटत राहिले.

पोटातल्या बाळापर्यंत दारू वारेतून थेट जाते. आईच्या रक्तात जेवढी, जवळपास तेवढीच बाळाच्या रक्तात. ती पचवायला त्याचं यकृत तयार नसतं, आणि भोवतालच्या गर्भजलात ती आणखी काही काळ रेंगाळते. चेहऱ्याची घडण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या थोड्याच दिवसांत होते. बहुतेक बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. मेंदू मात्र नऊ महिने घडत असतो. म्हणून नेमक्या त्या दिवसांत दारू पोटात गेली तर चेहऱ्यावर खुणा राहतात: बारीक डोळे, सपाट झालेली पन्हळ, वरचा ओठ पातळ. पुढं-मागं गेली तर चेहरा चारचौघांसारखा आणि इजा फक्त आत, कपाळामागच्या भागात, जिथं ‘थांब’ म्हणणारी यंत्रणा असते, मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात, आठवण साठवणाऱ्या भागात, लहान मेंदूत. चेहऱ्यावर खूण असलेली मुलं एकूण बाधित मुलांत थोडीच. शिवाय प्यालेल्या प्रत्येक आईचं मूल बाधित होतं असंही नाही. किती, कधी, एकदम किती, आईच्या पोटात अन्न होतं का, अंगात काय आनुवंशिक आलं, यावर ते ठरतं. आणि अमुक इतकी चालते असं कुणी डॉक्टर सांगू शकत नाही, कारण अशी रेघ कुठं सापडलेली नाही.

या सगळ्या छटांना मिळून ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ म्हणतात, बोलताना एफएएसडी. मराठीत याला रुळलेलं नाव नाही. मीही नवं घडवणार नाही. घडवलेली नावं शासन निर्णयात राहतात.

चेहऱ्यावर तिन्ही खुणा स्पष्ट असतील तर आईच्या पिण्याची खात्री नसतानाही निदान करता येतं. खुणा नसतील तर ती प्यायली होती याला काहीतरी भक्कम आधार लागतो. भाच्याचे डोळे टपोरे आहेत. पन्हळ इतकी खोल की लहानपणी तिच्यात दूध साचायचं. म्हणजे त्याच्या बाबतीत सगळी भिस्त त्या ‘म्हणे’वर. (तेव्हापासून मला एक वाईट खोड लागली आहे. एसटीत, लग्नात, सिग्नलला मी अनोळखी मुलांच्या नाकाखाली बघत असते.)

हे सगळं जगाला कळून फार काळ झालेला नाही. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोआन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९६८ साली मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांची निरीक्षणं छापली. वाइनच्या देशात, एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात, फ्रेंचमध्ये. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पाच वर्षांनी अमेरिकेत सिॲटलला केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तेच चित्र स्वतंत्रपणे पाहिलं, ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि त्याला नाव दिलं. तिथल्याच विद्यापीठातल्या ॲन स्ट्राइसगुथ या मानसशास्त्रज्ञ बाई पुढं काही दशकं या मुलांच्या मागावर राहिल्या. ती मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं हे त्यांना बघायचं होतं. १९९६ साली त्यांनी ४१५ जणांचा अभ्यास पुरा केला. बारा वर्षांवरच्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांची शाळा मध्येच तुटली होती, तेवढेच कधी ना कधी कायद्याच्या कचाट्यात सापडले होते. हे आकडे ताईनं रात्री दीड वाजता फोनवर वाचले आणि सकाळपर्यंत जागी राहिली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तिला मी आठवड्यानं सांगितली: ज्यांचं निदान सहा वर्षांच्या आत झालं आणि ज्यांना टिकाऊ, मायेचं, मारहाण नसलेलं घर मिळालं, त्यांच्या वाट्याला हे भोग बरेच कमी आले होते.

‘‘सहा तर गेलं,’’ ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘घर आहे.’’

दत्तक मुलांच्या बाबतीत ही चुकामूक जगभर झाली आहे. पूर्व युरोपातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या ७१ मुलांची तपासणी २०१० साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक मुलांत एफएएसडी सापडली. अमेरिकेत २०१५च्या एका अभ्यासात दत्तक आणि पालक-कुटुंबांत वाढणाऱ्या ५४७ मुलांपैकी १५६ जणांना ती होती. त्यातल्या दर पाचांपैकी चौघांचं निदान तोवर कुणी केलंच नव्हतं. बरीचशी मुलं ‘एडीएचडी’ म्हणून किंवा नुसतीच ‘वाया गेलेली’ म्हणून फिरत होती.

आणि आपल्याकडं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी दारू पिणाऱ्या देशात १.३ टक्के निघाल्या. गोव्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्रात अर्धा टक्काही नाही. अरुणाचलात, जिथं तांदळाची दारू घरोघरी होते आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, तिथं २४ टक्के. यातला किती फरक पिण्याचा आणि किती सांगण्याचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. दारात वही घेऊन बाई उभी आहे, आत सासू भाजी निवडते आहे, आणि प्रश्न आहे, तुम्ही दारू घेता का? मी घेत असते तरी ‘नाही’च म्हटलं असतं.

शिवाय ‘दारू’ कशाला म्हणायचं हाही घोळ आहेच. आमच्या आजीच्या कपाटात ब्रँडीची चपटी बाटली कायम असायची. सर्दी झाली की छातीला चोळायची आणि चमचाभर मधातून द्यायची. आजी पक्की माळकरी. तिला कुणी म्हटलं असतं की तुमच्या घरात दारू आहे, तर तिनं त्याला घराबाहेर काढलं असतं. ब्रँडी हे औषध होतं. आता नोकरी करणाऱ्या मुलींच्या पार्ट्यांत वाइन ही दारू नसते आणि ब्रीझर हे सरबत असतं. बाटलीवरचा इशाराही कामाचा नाही: आपल्या देशात तो मद्यपान आरोग्याला घातक असल्याचं सांगतो आणि पिऊन गाडी चालवू नका म्हणतो. पोटातल्या बाळाचा त्यात उल्लेख नाही. अमेरिकेत तो १९८९पासून आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०२३पासून गरोदर बाईचं चित्र सक्तीचं झालं आहे.

पण इशारा छापला की दोष कुणाचा हेही ठरून जातं, आणि तिथं मला अडखळायला होतं.

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक एका दत्तक बापाचं आहे. मायकल डोरिस या अमेरिकन लेखकानं १९७१ साली, अविवाहित असताना, तीन वर्षांचा एक मूलनिवासी मुलगा दत्तक घेतला. मुलाची आई दारूनं गेली. डोरिसला वाटलं होतं, प्रेम आणि पुस्तकं पुरतील. पुरली नाहीत. ‘द ब्रोकन कॉर्ड’ हे त्याचं पुस्तक १९८९ साली आलं, मोठा पुरस्कार मिळाला, आणि अमेरिकेत घराघरांत हा विषय पोचला. मुलगा १९९१ साली, २३व्या वर्षी, गाडीची धडक बसून गेला. पुस्तक मी एका बैठकीत वाचलं आणि बापाच्या दुःखानं खचलेही. पण गरोदरपणी पिणाऱ्या बायकांना कोंडून ठेवायला हवं इथवर त्यातला संताप जातो, आणि त्यावर मूलनिवासी बायकांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं: बाईला कोंडायला सगळे तयार, तिला उपचार द्यायला कुणी नाही.

दक्षिण आफ्रिकेत वेस्टर्न केपच्या द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात द्यायची पद्धत होती, तिला ‘डॉप’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. कायद्यानं बंद झाली, पण तोवर प्यायची सवय मजुरांच्या वस्त्यांत मुरली होती. त्या पट्ट्यातल्या काही गावांत पहिलीच्या वर्गातल्या दर हजार मुलांमागं दीडशेहून अधिक मुलं एफएएसडीची सापडली. जगात इतकं प्रमाण इतरत्र क्वचितच नोंदलं गेलं आहे. तिथं दोष कुणाचा म्हणायचा? पिणारीचा, की तिचा पगार पिंपातून मोजून देणाऱ्याचा?

ताईच्या घरात गेल्या दोन वर्षांत काय बदललं ते सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे.

पहिला शोध दुधाचा. ताईनं त्याला सांगितलं, ‘‘जरा दुधावर लक्ष ठेव.’’ आणि ती कपडे वाळत घालायला गेली. आली तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि हा समोर उभा राहून डोळे न मिटता बघत होता. ती ओरडली. तो रडवेला झाला, ‘‘ठेवलं होतं की लक्ष!’’ ठेवलं होतंच. गॅस बंद कर असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून ताई आपलं बोलणं ऐकायला लागली आणि हादरली. आपण मराठी माणसं मुलांशी एकही वाक्य सरळ बोलत नाही. ‘डोकं खाऊ नकोस.’ ‘बघू या.’ ‘करून तर बघ, मग सांगते.’ ‘तुला काही लाज आहे का?’ यातलं शेवटचं त्यानं एकदा नीट विचार करून उत्तरलं होतं: ‘‘आहे. पण थोडी.’’ त्याबद्दल त्यानं तेव्हा मार खाल्ला होता. ताई आता ते आठवून हसत नाही.

दुसरा शोध खोटं बोलण्याचा. निळ्या शर्टाचा माणूस. डॉक्टरांनी समजावलं की या मुलांच्या आठवणीत भगदाडं असतात आणि मेंदू हाताला लागेल ते घालून ती बुजवतो. ‘का केलंस?’ हा प्रश्न म्हणजे त्याला गोष्ट रचायचं आमंत्रण. आता ताई ‘का’ विचारत नाही. ‘सायकल कुठाय?’ असंही नाही. ‘चल, सायकल आणू.’ तो सरळ योग्य घरी घेऊन जातो.

तिसरा शोध वयाचा. असं मूल घरात असलेले पालक एक ठोकताळा वापरतात: वागण्याचं वय जन्मवयाच्या साधारण निम्मं धरा. अकरा वर्षांच्या मुलानं सायकल देऊन टाकली तर राग येतो. साडेपाच वर्षांच्या मुलाला सायकल घेऊन एकटं खाली कोण सोडतं? स्टर्लिंग क्लॅरेन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा मुलांना ‘बाहेरचा मेंदू’ लागतो असं म्हटलं होतं. म्हणजे त्याच्या कपाळामागं जो ब्रेक नीट लागत नाही तो शेजारी कुणाच्या तरी रूपानं हजर हवा. भावोजी रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन तासभर खाली उभे असतात. सोसायटीतल्या लोकांना वाटतं, फारच धाकात ठेवतात पोराला. ज्यांना तसं वाटत नाही त्यांना वाटतं, फारच लाडावून ठेवलंय.

चौथा शोध माझ्या मते सगळ्यात मोठा, आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही. ताईच्या सासूबाई. वय ७८. त्यांनी या विषयावर एक अक्षर वाचलेलं नाही. त्यांच्या मते पोराला बारशाच्या दिवशीच दृष्ट लागली. तो मात्र आजीचं ऐकतो. मी दोन दिवस नुसती बसून बघितलं. आजी वाक्यं बोलतच नाहीत. ‘‘चप्पल.’’ तो चप्पल काढून कोपऱ्यात ठेवतो. ‘‘हात.’’ धुतो. ‘‘ताट.’’ ताट त्याच जागी, त्याच पाटावर, भाताची मूद डाव्या बाजूला, रोज. सात वाजता दिवा, ‘शुभं करोति’, त्यानंतर रामरक्षेतली त्यांना आठवेल तेवढी, आणि मग दूध. तो घरात आल्यापासून यात फरक नाही. भावोजी म्हणतात, गेली पन्नास वर्षं नाही. तज्ज्ञ लोक पैसे घेऊन हेच सांगतात: कमी शब्द, एका वेळी एक गोष्ट, तीच जागा, तीच वेळ, तोच क्रम. ताई लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंचा हा करडा क्रम तिला काचत होता. भांडणंही झाली होती. आता तिनं त्यांचाच दिनक्रम चित्रं काढून न्हाणीघराच्या दारावर चिकटवला आहे. सासूबाईंनी तो चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘यात काय नवीन?’’

शाळा हे वेगळंच प्रकरण आहे. बुद्ध्यांक मोजला तेव्हा तो ९०च्या घरात आला. सगळे आनंदले, ताई सोडून. स्ट्राइसगुथबाईंच्या अभ्यासात चेहऱ्यावरच्या खुणांसकट पूर्ण सिंड्रोम असलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ७९ होता, बाकीच्यांचा ९०. रोजचं जगणं सांभाळायची कुवत मात्र दोघांचीही त्याहून कितीतरी खाली होती. पैसे मोजणं येतं, सांभाळणं येत नाही. नियम पाठ असतो, वेळेला आठवत नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात बौद्धिक अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एफएएसडी नाही. एडीएचडीही नाही. त्यामुळं भाच्यासाठी शाळेपुढं ठेवायला काही कागद नाही. गेल्या वर्षी एका बाईंनी ताईला बोलावून वहीतलं सोमवारचं पान दाखवलं, सगळी गणितं बरोबर. मग बुधवारचं, सगळी चूक. ‘‘येतं त्याला. मुद्दाम करतो,’’ त्या म्हणाल्या. ताईनं दुधाची गोष्ट सांगितली. बाई हसल्या, आणि मग जरा वेळानं म्हणाल्या, ‘‘आमच्या वर्गात अजून एक आहे असा.’’ त्या वर्षी सहामाहीपासून त्या याला फळ्यावरचं एकेक गणित झाकून द्यायला लागल्या. एक सोडवलं की दुसरं उघडायचं.

राहिला तो ‘म्हणे’.

या लेखासाठी मी त्या निवृत्त समाजसेविकेला भेटायला गेले. दुसऱ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर, गुडघ्यांना पट्टे बांधून बसलेल्या होत्या. मी मुद्द्याचं विचारलं: मुलाची आई प्यायची हे तुम्हांला कसं कळलं? त्या आठवत राहिल्या. मूल आलं तेव्हा त्या रजेवर होत्या. आईशी बोलणं दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. मग प्यायचं कुणी सांगितलं? ‘‘आमच्याकडं मावशी होत्या ना, बाळांना सांभाळणाऱ्या. त्या म्हणायच्या.’’ त्यांना कसं कळलं? बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. आणि मग त्या जे बोलल्या ते मी वहीत न लिहिता ऐकलं. मावशी सगळ्यांबद्दलच म्हणायच्या, त्या म्हणाल्या. मूल सोडून जाणारी प्रत्येक बाई त्यांच्या लेखी प्यायची, नाहीतर फिरायची. पोटचं टाकून जाणारी चांगली कशी असेल?

परतीच्या गाडीत मी ती फाइल मनाशी पुन्हा उलटली. माहिती उपलब्ध नाही. सरकारी ढंगाची ती कोरडी ओळ एवढे दिवस मला निष्काळजीपणाची वाटत होती. आता वाटलं, त्या अख्ख्या कागदात खरी म्हणावी अशी तीच एक ओळ असेल. ती बाई प्यायली असेल. एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणानंतर, पोट राहिलंय हे कळायच्या आधी, किंवा कळल्यावर ते विसरायला. किंवा उभ्या आयुष्यात तिनं थेंब घेतला नसेल आणि पोराचा मेंदू आणखी कशानं, कमी दिवसांच्या जन्मानं, उपासमारीनं, मारानं, असा घडला असेल. तिचं वय फाइलमध्ये आहे. मी ते इथं लिहीत नाही. फार लहान होती.

ताईला हे सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घातले. सांगितलं तेव्हा ती चिवड्याचे पोहे चाळत होती. चाळत राहिली.

‘‘म्हणजे ते नसेलही,’’ मी म्हटलं.

‘‘नसेल.’’

‘‘डॉक्टरांना सांग.’’

‘‘सांगीन.’’ तिनं चाळणी टेकवली. ‘‘पण उद्या सकाळी मी वेगळं काय करणार? दुधावर लक्ष ठेव म्हणणार?’’

मग म्हणाली, ‘‘एक बरं झालं. त्याला मोठेपणी सांगताना तिच्याबद्दल हे सांगावं लागणार नाही. अठराचा झाला की शोधायला जाईल कदाचित. तेव्हा तीच सांगेल काय ते.’’

यंदा सोसायटीत दिवाळीचा किल्ला होतोय. भाचा त्यात आठवडाभर गुडघ्यापर्यंत चिखलात आहे. गेल्या वर्षी गवतासाठी पेरलेली मोहरी त्यानं रोज उकरून बघितली होती, उगवली का म्हणून, आणि शेवटी किल्ला बोडकाच राहिला होता. बाकीची मुलं त्याच्यावर तुटून पडली होती. यंदा ताईनं उकरू नकोस असं काही म्हटलं नाही. एक जुनी परात आणली, तिच्यात माती भरली, मूठभर मोहरी टाकली आणि त्याला म्हणाली, ‘‘ही उकरायची.’’ तो दिवसातून पाच वेळा उकरतो. किल्ल्यावरची हिरवी झाली आहे.

परवा दुपारी मी तिथंच होते. पलीकडच्या इमारतीतल्या मुलांनीही किल्ला केलाय, पण त्यांच्याकडं महाराज नव्हते. भाच्यानं बघितलं, आमच्या किल्ल्यावरचे महाराज सिंहासनासकट उचलले आणि देऊन आला. मुलं ओरडत जिन्यानं वर आली. तो मधे, भेदरलेला, मातीचे हात मागं धरून. ‘‘त्यांच्याकडं नव्हते,’’ तो म्हणाला.

ताईनं कुणालाच काही विचारलं नाही. आत गेली, फराळाच्या डब्यांमागून कागदात गुंडाळलेला एक पुडा काढला आणि त्याच्या हातात दिला. आत महाराज होते. मी डब्यांमागं वाकून बघितलं. आणखी दोन पुडे होते.